थर्लोंच्या सूचनेबद्दल दिलगिरी

नवऱ्याच्या अंत्यविधीची सूचना द्यायला ऊना थर्लो सोमवारी सकाळी साडेनऊला आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आल्या. मजकूर त्यांनी विजेच्या बिलाच्या लिफाफ्यामागे लिहून आणला होता. काउंटरपाशी उभं राहून त्यांनी तो चष्म्याशिवाय मला वाचून दाखवला, म्हणजे बहुधा पाठच होता.

"वय एक्क्याऐंशी. गुरुवार, सकाळी दहा. सेंट बार्नाबस. नंतर हॉलमध्ये चहा. आणि ते नेहमीचं घाल, सर्व नातेवाईक आणि मित्रांना निमंत्रण."

"घालते, मिसेस थर्लो."

"'सर्व' हा शब्द राहू दे हं. तुम्ही लोक कापाकापी फार करता."

"सूचनेतलं एक अक्षर कधी कापलं नाही."

"नेव्हिलला सांगितलंय, बाहेर हिरवळीवर खुर्च्या मांड म्हणून. आणि कर्णा लाव. आत सगळे मावायचे नाहीत."

नेव्हिल आमच्या गावातल्या अंत्यविधींची व्यवस्था बघतो. चर्चमध्ये एकशे ऐंशी माणसं बसतात. मिसेस थर्लोंनी लिफाफ्याची घडी घातली आणि म्हणाल्या, "लाय म्हणायचा, माझ्या वेळी कुत्रं येणार नाही. तीस वर्षं म्हणायचा. मी म्हणायचे, गेटपर्यंत रांग लागेल, बघशील. तर म्हणे, मी कसा बघणार? मी म्हटलं, मी बघेन की."

लायनेल थर्लो, म्हणजे त्यांचा लाय, आमच्या गावाच्या, गिजी क्रॉसिंगच्या शाळेची बस एकेचाळीस वर्षं चालवत होते. नव्वद सालच्या पुरात बस ओढ्यात वाहून गेली. आत सात मुलं होती. थर्लोंनी सहा मुलं एकेक करून काठावर आणली. त्यातला तिसरा माझा धाकटा भाऊ डॅरिल, तेव्हा दहा वर्षांचा. सातवी केरिन स्टब, नऊ वर्षांची. ती दुसऱ्या दिवशी दोन मैलांवर सापडली. चौकशीत निघालं की पाण्याची खोली दाखवणारी पाटी आधीच वाहून गेली होती. थर्लोंवर ठपका आला नाही. दुसरा ड्रायव्हर मिळेना, म्हणून पुढच्या सत्रात ते पुन्हा बसवर आले आणि आणखी एकोणीस वर्षं त्यांनी गावातली मुलं वेळेवर शाळेत पोचवली. लोक त्यांना रोज गुड मॉर्निंग म्हणत. ओढ्याचा विषय कोणी काढला नाही, चांगल्या अर्थाने नाही आणि वाईट अर्थानेही नाही. त्यामुळे गावाच्या मनात काय आहे ते त्यांना कधी कळलं नाही. मिसेस थर्लोंना ते गुरुवारी दहा वाजता कळणार होतं.

आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी तोंडोतोंडी पसरते, पण अंत्यविधीसाठी कोणी कोणाला फोन करत नाही. एकाला केला आणि दुसऱ्याला राहिला तर तो अपमान होतो. घरच्यांना वेळ विचारणंही आगाऊपणा समजतात. सूचना आमच्या 'ॲडव्होकेट'मध्ये येते तेच सगळ्यांना सारखं निमंत्रण. अंक छापला जात होता तोवर ती दुसऱ्या पानावर, उजवीकडे, काळ्या चौकटीत असे. पान उलटलं की नजर आपोआप तिथे जाई. वाचायचं ठरवावं लागत नसे.

गेल्या जूनमध्ये छपाई थांबली. कचेरीत मी एकटी राहिले, आणि अंक फोनवर गेला. सुरुवातीला अख्खं पानच फोनमध्ये कोंबलेलं होतं. लोक दोन बोटांनी ते ताणून वाचत, आणि ताणलं की ओळीचं शेपूट बाहेर जाई. नाताळानंतर ब्रिस्बेनच्या मुख्य कचेरीने सगळा मजकूर एका सरळ पट्टीत लावला. वरून खाली, एकाखाली एक. मथळा पन्नास अक्षरांच्या आत. तिथे केटलिन नावाची मुलगी आमच्या सगळ्या छोट्या गावांच्या आवृत्त्या बघते. फेब्रुवारीत तिने आकडे पाठवले. पहिल्या पडद्यावर निधनाच्या सूचना दिसल्या की वाचक अंक बंद करतो, असं त्यात निघालं होतं. म्हणून त्या आत न्यायच्या. कोपऱ्यातल्या तीन रेघांवर बोट ठेवायचं, यादी उघडते, तिच्यात सहावी ओळ 'सूचना'. पहिल्या पडद्यावर पाऊस, गुरांचे भाव, घोड्यांच्या शर्यतींचे निकाल.

"इथे लोक आधी मेलेले बघतात, मग पाऊस," मी तिला फोनवर म्हणाले.

"ग्लेनिस, असं प्रत्येक गावाचा संपादक म्हणतो."

"मग प्रत्येक गावात तसंच असेल."

"आकडे तसं म्हणत नाहीत ना."

मी एक पत्र लिहून विरोध नोंदवला आणि मग होकार दिला. नवी मांडणी त्या सोमवारी सकाळी सहा वाजता सुरू झाली. थर्लोंची सूचना मी दुपारी बाराला चढवली, तीन रेघांच्या आत, सहाव्या ओळीखाली. पहिल्या पडद्यावर त्या दिवशी मथळा होता: 'आठवडाभरात वीस मिलिमीटरची शक्यता'.

गुरुवारी दहाला पाच कमी असताना मी सेंट बार्नाबसला पोचले. हिरवळीवर चाळीस पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या चार रांगांत मांडल्या होत्या. नेव्हिल शेवटच्या रांगेतली एक खुर्ची सरळ करत होता. ती आधीच सरळ होती.

"रस्त्यावर काही अडलंय का ग्लेनिस? ट्रक वगैरे?"

"नाही."

"मग दहा मिनिटं थांबू या. विधी काय, होईल."

दहा मिनिटांनी मी मोजलं. मिसेस थर्लो, टाऊन्सव्हिलहून आलेली त्यांची बहीण, पाद्री, नेव्हिल आणि त्याचा सोबती, हॉलवरून डोकावायला आलेल्या महिला मंडळाच्या तिघी, थर्लोंच्या शेजारचे लंगडे डेस हिगिन्स, मी. अकरावी बाई सगळ्यात मागे, दाराजवळ बसली होती. मार्ग स्टब. केरिनची आई. निळा कोट घातला होता आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले होते.

पाद्री बोलले. कर्णा कोणी बंद केला नव्हता, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य आत ऐकू आलं आणि मग बाहेर रिकाम्या खुर्च्यांवर पुन्हा ऐकू आलं. मिसेस थर्लो पहिल्या बाकावर ताठ बसल्या होत्या. पहिल्या स्तोत्राच्या वेळी त्या एकदा मागे वळल्या. नंतर वळल्या नाहीत. शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात. नेव्हिल, त्याचा सोबती आणि लंगडे डेस होते; पाद्रींनी झगा सावरून एक कडी धरली, एक मी धरली, तरी पाचच झालो. मग मार्ग स्टब पुढे आल्या आणि रिकाम्या कडीला हात लावला. त्याही एक्क्याऐंशीच्या आहेत. त्यांच्या बाजूचं वजन नेव्हिलने घेतलं, पण हात त्यांनी काढला नाही.

हॉलमध्ये टेबलांवर ताटं होती आणि त्यांच्यावर स्वच्छ पंचे झाकले होते. मंडळाच्या डल्सी अहर्न एक पंचा उचलून माझ्या कानाशी लागल्या.

"दोनशे सँडविच आहेत ग्लेनिस. हॅमची, काकडीची, अंड्याची. अंड्याची मी कोंबड्यांना घालू का आता? त्यांना काय वाटेल?"

"हळू बोला, डल्सी."

"मी हळूच बोलतेय. इथे हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू येतंय, माणसंच नाहीत ना." त्यांचे डोळे भरले होते. "गाव कुठे मेलं होतं गं?"

मी मार्ग स्टबना चहा नेऊन दिला आणि विचारलं, "तुम्हाला वेळ कुठून कळली?"

"फोनवर वाचली." त्यांनी कपात साखर घातली. "तुम्हीच छापता ना?"

हे उत्तर मी ऐकलं, पण त्याचा विचार केला नाही. माझ्या डोक्यात तीन रेघा आणि सहावी ओळ होती. सकाळपासून मला एकच दिसत होतं: निमंत्रण मी कपाटात ठेवलं आणि कपाटाचं दार लावून घेतलं.

निघताना मिसेस थर्लोंनी माझा हात धरला. "लाय बरोबर होता," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "मार्ग आली. ती नसती आली तर समजले असते, तरी आली. बाकीच्यांना काय झालं होतं, ग्लेनिस? त्यांचं त्याने काय बुडवलं होतं?"

"त्यांना कळलं नाही, मिसेस थर्लो. चूक आमची आहे. सूचना जागेवर नव्हती."

"म्हणजे?"

मी माझा फोन काढून दाखवला. रेघा, यादी, सहावी ओळ. त्यांनी ते तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं, आणि नवऱ्याचं नाव उघडलं.

"इतकं आत," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग कोणाला सापडणार?"

त्यांचा चेहरा मोकळा झाला, एवढं मी सांगू शकते. त्यापुढे त्यात काय होतं ते मला माहीत नाही.

संध्याकाळी भावाला फोन केला. "डॅरिल, तू आला नाहीस."

"कुठे?"

"लायनेल थर्लोंच्या."

तिकडे कुंपणाची तार ओढल्यासारखा आवाज येत होता, तो थांबला. "आज होतं? फोनवर दिसलंच नाही मला. तुमचा तो नवा पेपर, बाई, घोड्यांशिवाय काही दाखवत नाही."

"मी तेच म्हणतेय."

"सांगायचंस की."

"असं सांगतात का कधी?"

"नाही," तो म्हणाला. "ते खरं."

शुक्रवारी सकाळी सहाला पहिल्या पडद्यावर, पावसाच्याही वर, मी दिलगिरी टाकली. आमच्या मांडणीतील बदलामुळे श्री. लायनेल थर्लो यांच्या अंत्यविधीची सूचना वाचकांना सहज सापडेल अशा जागी नव्हती. त्यामुळे अनेकांना उपस्थित राहता आले नाही. थर्लो कुटुंबाची आणि वाचकांची आम्ही माफी मागतो. त्याच सकाळी केटलिनशी भांडून सूचना परत पहिल्या पडद्यावर आणल्या. सव्वीस वर्षांत मी पुष्कळ दिलगिऱ्या लिहिल्या आहेत. नावाचं स्पेलिंग, बैलाचं वजन, चुकीच्या जुळ्याचा फोटो. ही पहिली अशी होती की लिहून झाल्यावर मला बरं वाटलं.

आणि गाव थर्लोंच्या घराकडे वळलं. पहिल्या दोन दिवसांत एकतीस कार्डं आली. डेस हिगिन्स कुंपणावरून मोजत होते. ॲपल पाय, भाजलेला मटणाचा तुकडा, दोन फ्रूटकेक, कोणीतरी आणून दिलेला जळाऊ लाकडाचा अख्खा ट्रेलर. पोस्टात, पेट्रोल पंपावर, खाटकाच्या दुकानात एकच वाक्य चालू होतं. कळलंच नाही हो. आधी कळतं तर. त्या फोनचं काय सांगावं. नोएल खाटीक मला चॉप्स बांधून देताना म्हणाला, "बिचारा लाय. आणि तुम्ही त्याला घोड्यांच्या खाली पुरलंत." दुकानातले सगळे हसले. मीही हसले. मला ते चालत होतं.

मंगळवारी केटलिनचा फोन आला.

"ग्लेनिस, तुझी ती दिलगिरी. वकिलांनी विचारलं म्हणून मी आकडे काढले. आपली चूक दिसत नाहीये."

"म्हणजे काय?"

"सोमवारी दुपारी बारा ते गुरुवारी सकाळी दहा. सूचना दोनशे त्रेसष्ट फोनांवर उघडली गेली. नुसती डोळ्यांसमोरून गेली असं नाही, बोट ठेवून उघडली. सरासरी बावीस सेकंद उघडी राहिली. एवढी शोधाशोध मी दुसऱ्या कुठल्या गावात बघितली नाही. निम्म्यांना तर पहिल्या तासातच सापडली."

बावीस सेकंदांत ती सूचना दोनदा वाचून होते. मी ती मनातल्या मनात वाचून बघितली.

"गुरुवारनंतरचे असतील," मी म्हणाले. "दिलगिरी वाचून उघडणारे."

"ते वेगळे आहेत. ते चारशेवर आहेत. तुला यादी पाठवते, वर्गणीदारांची नावं असतात त्यात. आणि ऐक, दिलगिरी मागे घ्यायची का? वकील म्हणतात, जी चूक झाली नाही ती कबूल करून ठेवू नये. एक ओळ पुरे."

"यादी बघते आधी," मी म्हणाले.

यादी आडनावांच्या क्रमाने होती. मी पहिल्या पानावरच थांबले. नंतर आपलं आडनाव शोधलं. डॅरिलने सोमवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सूचना उघडली होती, आणि बुधवारी रात्री पुन्हा. दुसऱ्या वेळी चार मिनिटं.

मी त्याला पुन्हा फोन केला नाही. दहा वर्षांच्या मुलाला ज्याने केसांना धरून पाण्यातून काढलं, त्याच्या पेटीजवळ चाळिशीतला माणूस का जाऊ शकत नाही, याची कारणं मला तीन-चार सुचली. केरिन त्याच्या शेजारच्या सीटवर होती, हे त्यातलं एक. न आलेल्या बाकीच्यांचीही काहीतरी असतील. कोणाला राग असेल, कोणाला मार्ग स्टबसमोर पडायची लाज, कोणी दुसऱ्यांची गर्दी होणारच आहे असं धरून गुरं भरायला गेला असेल. आकड्यांत एवढंच होतं की त्यांना माहीत होतं.

आमच्या धंद्यात नियम साधा आहे. छापलेलं चुकीचं निघालं तर पुढच्या अंकात दुरुस्त करायचं. मी तो कधी मोडला नव्हता. केटलिनला मी लिहिलं की दिलगिरी आहे तशी राहील, आणि वकिलांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी मला म्हणावं. तिने उलट लिहिलं, "पण ते खरं नाहीये ना."

पुढच्या गुरुवारी मिसेस थर्लो पुन्हा काउंटरपाशी आल्या. आभाराची सूचना द्यायची होती. अंत्यविधीनंतर पंधरा दिवसांत ती घरच्यांनी द्यायची असते. या वेळी त्यांनी काही लिहून आणलं नव्हतं.

"छप्पन्न कार्डं झाली," त्या म्हणाल्या. "फ्रीजमध्ये जागा नाही. डेसला केक दिला तर म्हणतो, मला मारायला निघालीस काय, आधीच एक अंत्यविधी पुरे."

"बसता का? मी लिहून घेते."

त्या बसल्या नाहीत. "डॅरिलने लाकडं आणून टाकली. फाटकात उभा राहिला, आत काही आला नाही. किती सांगितलं."

"तो तसाच आहे."

"चांगला मुलगा आहे." त्यांनी पर्स काउंटरवर ठेवली आणि तिची कडी लावली, उघडली, लावली. "ग्लेनिस, मार्गला कशी सापडली गं?"

"काय?"

"सूचना. एवढी आत होती तर. तिला कशी सापडली?"

मी म्हणाले, "त्यांना फोन चांगला येतो."

"मार्गला? तिला अजून मायक्रोवेव्ह येत नाही."

मी कळफलकाकडे बघत होते. त्या माझ्याकडे बघत असाव्यात. रस्त्यावरून गुरांचा ट्रक गेला, तो पूर्ण जाईपर्यंत दोघीही थांबलो. मला वाटतं, त्या तेवढ्या वेळात मी काहीही म्हटलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारला असता, आणि मी उत्तर दिलं असतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "ऊना थर्लो आपल्या पतीच्या निधनानंतर ज्यांनी कार्डं, जेवण आणि लाकडं पाठवली त्या सर्वांची आभारी आहे."

"लिहिलं."

"सेंट बार्नाबसला जे आले त्यांची विशेष. त्यांची नावं नकोत, थोडीच आहेत, त्यांना कळेल."

"हो."

"आणि." त्या थांबल्या. "ज्यांना वेळेवर कळलं नाही म्हणून येता आलं नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. लाय समजून घेईल. असं घाल."

मी शेवटचं वाक्य लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

"हे कुठे लावशील?"

"पहिल्या पडद्यावर. सगळ्यात वर."

"दिवसभर?"

"दिवसभर. हवं तर उद्याही."

"एक दिवस पुरे," त्या म्हणाल्या. पर्स उचलली, दारापर्यंत गेल्या आणि तिथून परत न येता म्हणाल्या, "कोणी किती बघितली ते तुमच्या त्या ब्रिस्बेनच्या पोरीला कळतं ना? नेव्हिल सांगत होता."

"कळतं."

"या वेळी नको विचारूस तिला."

मी सूचना चढवली. पाऊस खाली सरकला, घोडे त्याच्याही खाली गेले. दुपारी केटलिनकडून दिवसाचे आकडे आले, नेहमीसारखे. मी ते न उघडता काढून टाकले.